विहिरीचे पाणी आणि पोटातील कृमी
(कळंबा येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या पंगतीस पाणी विहिरीचे द्यावे की बाहेरून आणावे, यावर काल कार्यकारी मंडळात बराच खल झाला. वडीलधाऱ्यांचा आग्रह विहिरीचा होता. ज्या गावच्या तलावाने कोल्हापूर शहराची तहान भागविली, त्या गावास आपल्या पाण्याचा अभिमान असावयाचाच. मीही त्याच विहिरीच्या पाण्यावर वाढलो. आणि जंतांवर वावडिंगाचा काढाही त्याच वयात प्यालो. या दोहोंचा काही संबंध असेल, असे आमच्या घरात कोणाच्या मनातही आले नाही. अर्थात जंत मातीच्या हातांनी आणि न धुतलेल्या भाजीनेही पोटात जातात. सारा दोष पाण्याच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे.

परंतु विहिरीभोवतीची वस्ती पूर्वीची राहिलेली नाही. मळे जाऊन घरे आली, घरोघरी शौचाचे खड्डे आले. आपला खडक काळ्या पाषाणाचा. त्याच्या भेगांतून पाणी गाळले न जाता सरळ झिरपते. म्हणजे जी भेग झरा आणते तीच मैलाही आणू शकते. गोल जंताची एक मादी दिवसास सुमारे २ लाख अंडी घालते. आमांश करणाऱ्या अमीबाची कोशावस्था तर इतकी सूक्ष्म, की एका मिलिमीटरात ५० ते १०० कोश ओळीने मावावेत. पाणी नितळ दिसते, गोड लागते, आणि कोश त्यात असतातच.

“आम्ही टीसीएल पावडर टाकतो,” असे मला सांगण्यात आले. अवश्य टाकावी, पटकी आणि विषमज्वराचे जंतू तिने मरतात. मात्र अमीबाचा कोश व जंताची अंडी नेहमीच्या मात्रेस दाद देत नाहीत. ती उकळण्याने मरतात. पाणी खळखळून उकळू लागल्यावर एक मिनिट तसेच ठेवले तरी पुरे.

येथे नारूची आठवण होते. तो आतड्यातील कृमी नव्हे, पण येई तो पाण्यातूनच. नारू झालेला मनुष्य पायऱ्यांच्या विहिरीत उतरे, पायाच्या फोडातून अळ्या पाण्यात पडत, तेथील बारीक जलपिसवा त्या गिळीत, आणि ते पाणी पिणारा वर्षभराने अंथरुणास खिळे. त्यावर लस नव्हती, औषधही नव्हते. पायऱ्या बुजविल्या, हातपंप बसविले, पाणी दुहेरी फडक्याने गाळले, रुग्णांस पाण्यापासून दूर ठेवले. भारतातील शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात आढळला आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला. आपले कोश मात्र फडक्यातून सहज निसटतात, एवढा भेद ध्यानी ठेवावा.

विहिरीस कठडा बांधण्याचा ठराव मंडळापुढे आहे. त्यास माझी एक पुस्ती : कठड्यापूर्वी जवळचे दोन शौचखड्डे हलवावेत. खर्चाचा प्रश्न आहे, आणि खड्डे आपल्याच माणसांचे आहेत, हेही मी जाणतो.

आज पंगतीत वाढावयाचे पाणी विहिरीचेच आहे. पहाटे चारपासून ते चुलाण्यावर उकळून, झाकून निवविले आहे. कोमट लागल्यास वाढप्यांवर रागावू नये.