आजींचं ‘तू’



“तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो!” हे वाक्य मी गेली तीसेक वर्षं ऐकतो आहे. कविसंमेलनात कविता वाचून व्यासपीठावरून खाली उतरलो, की कुणी ना कुणी जवळ येतं, हात हातात घेतं आणि अगदी मनापासून हे सांगतं. सांगणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. मीही हसून आभार मानतो. पण परतताना लोकलमध्ये बसलो की ते वाक्य आठवत राहतं. माझ्याआधी ज्या कवीनं कविता वाचली, त्याला कुणी असं म्हटलेलं नसतं. त्याला लोक कवितेबद्दल विचारतात. मला मात्र मराठीबद्दल शाबासकी मिळते, पाहुण्याला मिळावी तशी.

आज मला बोलायचं आहे ते रोजच्या बोलण्याविषयी. दोन माणसं बोलत असतात तेव्हा खरं तर तिथे दोघंच नसतात. मी स्वतःला काय समजतो, समोरचा मला काय समजत असेल असं मला वाटतं, आणि मी त्याला काय समजतो, अशी सगळी मंडळी मध्ये बसलेली असतात. शब्द त्यांच्यातून गाळून येतात. पुस्तकी भाषेत याला आत्मप्रतिमा वगैरे म्हणतात. मी पुस्तकातून नव्हे, घणसोली गावातल्या एका आजींकडून हे शिकलो. तेही उशिरा.

मी मूळचा सोलापूर जिल्ह्यातला, बार्शीकडचा. शाहीर अमर शेख आमच्या बार्शीचे, हे आमच्याकडे पोरंही अभिमानानं सांगतात. घरात आम्ही दखनी बोलायचो. आता ही दखनी तरी किती वेगळी? “मैं कलच आया”, “ऐसाच है” असं आम्ही म्हणतो. हा ‘च’ मराठीतून आलेला. म्हणजे घरातही मराठी होतीच, आणि उंबरठ्याबाहेर तर सगळं मराठीच. शाळा मराठी, भांडणं मराठी, पहिली कविताही मराठी. १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष डॉ. यू. म. पठाण होते. त्याच वर्षी सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. मी तेव्हा कॉलेजात होतो. आपण मराठी कवी आहोत, यात मला कधी शंका वाटली नाही.

शंका आली ती घर शोधताना. बी.ए. झाल्यावर नोकरीच्या निमित्तानं ठाणे-बेलापूर पट्ट्यात आलो. फोनवर बोलणं व्हायचं, खोली रिकामी आहे असं कळायचं. जाऊन नाव सांगितलं, की ‘अहो, सकाळीच दिली’ असं उत्तर मिळायचं. एकदा झालं, दोनदा झालं, चौथ्यांदा झालं. मग मी एक सवय लावून घेतली. कुणाच्याही दारात उभा राहिलो की नमस्काराच्याही आधी नाव सांगायचं. आवाज जरा चढवूनच. म्हणजे नाही म्हणायचं असेल तर लगेच म्हणा, असा त्याचा अर्थ. समोरच्यानं तोंड उघडण्याआधीच मी त्याचं उत्तर ऐकलेलं असायचं.

असाच १९९९ साली मी घणसोली गावात एका आजींच्या ओट्यासमोर उभा राहिलो. घणसोली हे ठाण्याच्या खाडीकाठचं आगरी-कोळ्यांचं गाव. नवी मुंबईसाठी ज्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं, त्यांतलं एक. शेती गेली, तेव्हा इथल्या माणसांनी राहत्या जागेत माळे चढवले आणि भाडेकरू ठेवले. मी नाव सांगितलं. आजींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “काय काम करतंस? भारा टायमाला देशील ना?”

भारा म्हणजे भाडं. आगरी बोलीत ‘ड’चा ‘र’ होतो, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला एकच ऐकू आलं, ‘करतंस’ आणि ‘देशील’. ही बाई मला ‘तू’ म्हणते! पांढरा शर्ट, हातात ब्रीफकेस, पदवीधर माणूस, आणि पहिल्याच भेटीत ‘तू’? नाव ऐकलं म्हणूनच ना?

खोली मिळाली. पण तो ‘तू’ मी मनात ठेवला. रोज भेटल्यावर मी त्यांना ठासून ‘तुम्ही’ म्हणायचो. “आजी, तुम्ही पाणी कधी सोडणार?” “आजी, तुमची पावती द्या.” त्या ‘तुम्ही’त आदर नव्हता. बघा, मी तुमच्यापेक्षा सभ्य आहे, एवढंच त्यात होतं. असे सात-आठ महिने गेले.

मग ईदला माझ्या बायकोनं खाली शीरखुर्मा पाठवला. रिकामा डबा घेऊन आजी स्वतः वर आल्या. डब्यात तांदळाच्या भाकऱ्या होत्या. दारातच मला म्हणाल्या, “तू मना तुमी तुमी काय करतंस? मी काय परकी हाय?”

मी गप्पच झालो. आठ महिने मी त्यांच्या ‘तू’नं दुखावलो होतो आणि आठ महिने त्या माझ्या ‘तुम्ही’नं. त्यांना वाटत होतं, हा शिकलेला माणूस आपल्याला जवळ येऊ देत नाही.

त्यानंतर मी जरा कान उघडे ठेवले. आजी आपल्या थोरल्या दिराला ‘तू’ म्हणायच्या. नगरसेवक दारात आले तर “ये रं, बस” म्हणायच्या. डॉक्टरला ‘तू’, पोस्टमनला ‘तू’. कार्ल्याच्या एकवीरा आईला तर ‘तू’च. आगरी बोलीत मानाचं अनेकवचन जवळजवळ नाहीच. मान असतो तो आवाजात, पुढे केलेल्या पाटात आणि पाण्याच्या तांब्यात. आणि खरं सांगायचं, तर आपण सगळे आईला ‘तू’ म्हणतो. विठ्ठलाला ‘तू’ म्हणतो. आम्ही दुआ मागताना अल्लाहलाही ‘तू’च म्हणतो. मग आजींच्या ‘तू’त मला अपमान कुठून सापडला? तो मी येतानाच बरोबर घेऊन आलो होतो, चार बंद दारांवरून.

अमेरिकेत चार्ल्स कूली नावाचे समाजशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी १९०२ साली लिहिलं, की माणसाचा ‘मी’ हा आरशातल्या प्रतिमेसारखा असतो. मी दुसऱ्याला कसा दिसत असेन, याची मी कल्पना करतो. ते पाहून त्याचं माझ्याविषयी काय मत होत असेल, याची कल्पना करतो. आणि त्यावरून मला अभिमान वाटतो किंवा शरम. आता यातली गंमत बघा. पहिल्या दोन पायऱ्या निव्वळ कल्पनेच्या आहेत. समोरच्यानं अजून काही केलेलंच नाही. शरम मात्र खरी असते, आणि आपण तिच्यावरूनच उत्तर देऊन मोकळे होतो.

पण म्हणून सगळं आपल्या मनाचेच खेळ असतात, असंही मी म्हणणार नाही. ती चार दारं खरोखर बंद झाली होती. ज्याला ठेच लागली आहे, त्याला ‘तू उगीच मनाला लावून घेतोस’ असं सांगणं हाही एक अपमानच. मला एवढंच म्हणायचं आहे, की चार दारांचा हिशेब मी पाचव्या दाराशी मागत होतो.

हे कळलं आणि मी शहाणा झालो, असं सांगून मला भाषण संपवता आलं असतं. पण तसं झालं नाही.

२०१२ साली आजींचा नातू पदवीधर झाला. आसपास मोठमोठी ऑफिसं उभी राहिली होती. मुलाखतीला जायचं, तर बोलणं सुधारायला हवं, म्हणून तो माझ्याकडे येऊ लागला. त्याआधी एका काउंटरवर त्याच्या तोंडून सवयीनं ‘तू’ गेलं होतं आणि पलीकडच्या माणसानं चारचौघांत त्याला झापलं होतं. मी आनंदानं शिकवू लागलो. ‘पानी’ नाही, पाणी. ‘डोला’ नाही, डोळा. ‘गारी’ नाही, गाडी. साहेबांना ‘तुम्ही’ म्हणायचं. तो चुकला की मी हात वर करून त्याला थांबवायचो. पोरगा हुशार. दोन महिन्यांत ‘शुद्ध’ बोलू लागला. एक दिवस मीच त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, “वा! आता तुझं मराठी शुद्ध झालं.”

त्याच आठवड्यात आजी वर आल्या. बसल्या नाहीत. म्हणाल्या, “तू पोराला काय शिकवलंस रं? आता तो घरान बोलतच नाय.”

पोरगा घरात गप्प झाला होता. आजी बोलायला लागल्या की मान खाली घालायचा. मित्र आले तर आजींना आत बसायला सांगायचा. मी त्याला ‘ण’ आणि ‘ळ’ शिकवले होते, पण त्यांच्याबरोबर आणखीही काही दिलं होतं. आपल्या आजीकडे काउंटरवरच्या माणसाच्या नजरेनं कसं पाहायचं, ते.

जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९५५ साली चार तावदानांची एक खिडकी कल्पिली. दोघांच्या नावांवरून तिला जोहारी खिडकी म्हणतात. तिच्या एका तावदानातून जगाला आपलं जे दिसतं, ते नेमकं आपल्याला दिसत नाही. माझं ते तावदान आजींनी उघडलं. ज्या शाबासकीनं मी तीस वर्षं दुखावलो जातो, तीच शाबासकी मी त्या पोराला दिली होती. आतून कुठेतरी मला त्या शाबासकीचा अभिमानही होता. माझं मराठी तुमच्याहून शुद्ध आहे, हीच माझी ढाल होती. ती मिरवायला मला कुणीतरी कमी शुद्ध माणूस हवा होता.

दुसऱ्या दिवशी मी त्या पोराला म्हटलं, “आता तू मला शिकव.” तो लाजला. मग मी खाडीपासून सुरुवात केली. निवटी म्हणजे काय, चिंबोरी कशी धरतात, मिठागरात मीठ कसं पिकतं, सगळं विचारलं. आगर म्हणजे मिठागर, त्यावरून आगरी, हे त्यानंच मला सांगितलं. बरंचसं त्यालाही येत नव्हतं. तो खाली जाऊन आजींना विचारून यायचा. मला तेवढंच हवं होतं. मी त्याच्यासारखं बोलायचा प्रयत्न केला तेव्हा तो पोट धरून हसला. माझी जीभ वळेना.

त्याच्या मनातली शरम पूर्ण गेली का, मला सांगता येणार नाही. ती पेरायला दोन महिने पुरले होते, उपटायला तेवढेच पुरतील असं नाही. त्याला पुढे दुसरीकडे नोकरी लागली. एकदा संध्याकाळी घणसोली स्टेशनवर तो मला दिसला. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, कानाला मोबाईल, आणि आजींशी खणखणीत आगरीत बोलणं चाललेलं. दोन-चार माणसांनी वळून पाहिलं. त्याचा आवाज किंचित खाली आला, पण बोली बदलली नाही.

आजी २०१९ साली गेल्या. त्यांच्यामुळे मला एक साधी युक्ती सापडली, ती तुम्हाला देतो. कुणाचा शब्द लागला तर उत्तर देण्याआधी एकच पाहायचं. हा माणूस इतरांशी कसा बोलतो? सगळ्यांशी तसाच बोलत असेल तर ती त्याची बोली आहे, आणि ती समजून घेणं आपलं काम आहे. फक्त आपल्याशीच तसं बोलत असेल तर जरूर विचारावं, ताठ मानेनं विचारावं. आणि कुणाला शाबासकी देताना आपण त्याला घरातलं म्हणून देतो आहोत की पाहुणा म्हणून, हेही पाहावं.

मागच्या महिन्यात एका कार्यक्रमानंतर एक गृहस्थ आले आणि म्हणाले, “तुमचं मराठी फार शुद्ध आहे.” या वेळी मी नुसते आभार मानले नाहीत. म्हटलं, “तुमचंही छान आहे. गाव कुठलं तुमचं?” ते क्षणभर गोंधळले, मग मोकळे हसले. त्यानंतर आम्ही अर्धा तास कवितेवर बोललो.