धंद्याचा रकाना

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त ढाणकी येथें केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं कायद्याचा विषय काढणें हें पक्वान्नांच्या ताटांत कारल्याची भाजी वाढण्यासारखें आहे, हें मी जाणतों. परंतु महोत्सवाच्या निधींतून एक सेवामंडळ स्थापावें, आजारी माणसें, विधवा व शाळकरी मुलें यांस त्यांतून हात द्यावा, आणि तें सरकारदरबारीं रीतसर नोंदवावें, असा ठराव आपण आनंदानें संमत केला आहे. आतां त्याच्या कार्यकारी मंडळावर कोणीं बसावें हें ठरावयाचें राहिलें. आणि गेले कांहीं दिवस देवळाच्या ओसरीवर व बाजारांत तीच चर्चा ऐकूं येते. ‘अमके वकील आहेत, त्यांस घ्या.’ ‘तमके हेडमास्तर होते, त्यांचें नांव शोभेल.’ ‘फलाण्यांची मुलगी परगांवीं डॉक्टर आहे, तिचें नांव कागदावर असूं द्या, ती आली नाहीं तरी चालेल.’ या बोलण्यास धरूनच मला चार शब्द सांगावयाचे आहेत.

ज्या कायद्याखालीं आपलें मंडळ नोंदलें जावयाचें तो सन १८६० चा एकविसावा कायदा, म्हणजे संस्था-नोंदणीचा कायदा होय. इंग्रजी अमदानींत तो झाला आणि आजही चालू आहे. निदान सात असामी एकत्र आल्याखेरीज संस्था होत नाहीं, असें तो सांगतो. घटनापत्रांत संस्थेचें नांव व उद्देश यांच्या जोडीला कारभार पाहणाऱ्या प्रत्येक व्यक्तीचें नांव, पत्ता आणि धंदा लिहावा लागतो. आणि पुढें दर वर्षीं जी यादी धाडावयाची तींतही हीं तीन कलमें असावीं लागतात. त्याशिवाय आपल्या राज्यांत सन १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा आहेच. त्याप्रमाणें धर्मादाय आयुक्तांच्या कचेरींत नोंद होते, हिशेब तपासून द्यावा लागतो, आणि विश्वस्तांत कांहीं बदल झाल्यास नव्वद दिवसांच्या आंत तसें कळवावें लागतें. हा सारा व्याप वकिलांनीं सांभाळावा. मला आज बोलावयाचें आहे तें केवळ त्या धंद्याच्या रकान्याविषयीं.

संस्थेच्या चालकांविषयीं विचारतांना त्या कायद्यानें त्यांची विद्या विचारली नाहीं, इस्टेट विचारली नाहीं, धंदा विचारला. आपल्याकडे मात्र हा रकाना भरतांना पुष्कळदां एकच शब्द सातही नांवांपुढें खालींवर लिहिला जातो: समाजसेवा. माझ्या मतें हा शब्द तेथें लिहिणें म्हणजे रकाना कोरा ठेवणें होय. समाजसेवा हें मंडळाचें काम झालें. तो माणसाचा धंदा नव्हे. सात समाजसेवकांची यादी वाचून गांवाला काय कळणार? हिशेब कोणास समजतो, रुग्णाची नाडी कोणास कळते, कोणाचें किराणा दुकान आहे, कोणाच्या हाताला निंदणाचे घट्टे पडले आहेत, यांतलें कांहींच नाहीं. ज्याचा धंदा झांकला त्याचें ज्ञानही झांकलें, आणि त्याचा स्वार्थही झांकला.

आपल्या पवित्र सभेला ही गोष्ट नवी नाहीं. प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय आपण ऐकला आहे. यरुशलेमांत रोजच्या वाटणींत ग्रीक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवांची उपेक्षा होते, अशी कुरकुर उठली. तेव्हां प्रेषितांनीं सात माणसें निवडावयास सांगितलीं. स्तेफन, फिलिप, प्रखर, निकानोर, तिमोन, पार्मिना आणि अंत्युखियाचा निकलाव: सातही नांवें ग्रीक आहेत. ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या त्यांच्यांतलींच माणसें वाटणीवर नेमलीं गेलीं, असें यावरून दिसतें. केवळ सज्जन माणसें पाहिजे असतीं तर यरुशलेमांत तीं इतरही मिळालीं असतीं.

ओघांत आणखी एक आठवण. प्रभूच्या बारा शिष्यांत मत्तय हा जकातदार. आकडेमोड त्याच्या हातची. पण थैली होती यहूदा इस्कार्योताकडे, आणि तो तींतलें काढून घेत असे, असें संत योहान सांगतात. यावरून खजिनदाराच्या नेमणुकीचा कांहीं नियम काढावा असें माझें म्हणणें नाहीं. वार्षिक सभेंत घाईघाईनें हिशेब वाचला जातो तेव्हां मला ही गोष्ट आठवते, एवढेंच.

संत व्हिन्सेंट डी पॉल यांच्या नांवानें जगभर चालणाऱ्या सोसायटीचा उगमही या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. सन १८३३ च्या एप्रिलांत पॅरिस शहरीं सात जण एकत्र जमले. बहुतेक सारे विद्यार्थी. त्यांत कायदा शिकणारेच अधिक, एक वैद्यकाचा. आणि त्यांतले वडीलधारे एमॅन्युएल बायी हे वर्तमानपत्र चालविणारे. फ्रेडरिक ओझानाम तेव्हां अवघे वीस वर्षांचे होते; पुढें ते सोर्बोन विद्यापीठांत परकीय साहित्याचे अध्यापक झाले, आणि सन १९९७ मध्यें पोप दुसरे जॉन पॉल यांनीं त्यांस धन्यवादित म्हणून जाहीर केलें. या शिकलेल्या तरुणांजवळ कळकळ होती, वाणी होती. पण गरिबाच्या घराचा दरवाजा कोणता हें त्यांस ठाऊक नव्हतें. तें त्यांनीं कोणाकडून शिकावें? सिस्टर रोझाली रांद्यू यांच्याकडून. त्या बाईनें पॅरिसच्या मूफतार भागांतील दरिद्री वस्तींत वर्षानुवर्षें हिंडून एकेक कुटुंब ओळखीचें केलें होतें. तिनें त्यांस घरें दाखविलीं, धान्य व लाकूडफाटा यांच्या चिठ्ठ्या कशा द्याव्या हें शिकविलें. कायद्याच्या विद्यार्थ्यांनीं एका सिस्टरपाशीं उमेदवारी केली म्हणून ती सोसायटी उभी राहिली.

दूरची गोष्ट सोडून आतां आपल्या वऱ्हाड-नागपुराकडे येऊं. महारोग्यांच्या सेवेच्या ज्या संस्था या मुलुखांत नांवारूपाला आल्या, त्यांच्या संस्थापकांचे धंदे पाहिले तर नवल वाटतें. वर्ध्याजवळ दत्तपूर येथें सन १९३६ मध्यें हें काम हातीं घेणारे मनोहर दिवाण हे वैद्य नव्हते. ते विनोबांच्या परिवारांतले कार्यकर्ते होते. अमरावतीस सन १९४६ मध्यें तपोवन उभारणारे शिवाजीराव पटवर्धन हे होमिओपॅथीचे डॉक्टर व स्वातंत्र्याच्या लढ्यांतले शिपाई. आणि वरोऱ्याचे मुरलीधर देवीदास आमटे, ज्यांस जग बाबा म्हणतें, ते तर वकील. वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्षही होते. सन १९४९ मध्यें महारोगी सेवा समिति स्थापन झाली. वकिलीनें त्यांस अर्ज लिहितां आला असता, जमीन मागतां आली असती. पण रोग्याच्या जखमेपुढें वकिली काय कामाची? म्हणून ते कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या विद्यालयांत जाऊन त्या रोगाचें शिक्षण घेऊन आले. वय पस्तिशीच्या घरांत, संसार पाठीशीं, आणि पुन्हां विद्यार्थी! आपल्या धंद्याला काय येतें हें जसें त्यांस ठाऊक होतें, तसें काय येत नाहीं हेंही ठाऊक होतें. पुढें आनंदवनाच्या खडकाळ जमिनींत विहीर खणली गेली, शेती झाली, घरें उभीं राहिलीं, तीं रोग्यांच्याच हातांनीं. लोक ज्यांस केवळ भिकारी समजत होते त्यांच्यांत शेतकरी होते, कारागीर होते. त्यांचा धंदा कोणी विचारलाच नव्हता.

हें सांगण्याचें कारण असें कीं, आपल्या मंडळाला जें काम करावयाचें आहे तें ढाणकींत व पैनगंगेच्या या कांठच्या खेड्यांत करावयाचें आहे, आणि येथील दुःखाचा मोठा वांटा कपाशीच्या शेतांतून येतो. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें आपल्या जिल्ह्याचें नांव देशभर झालें. सन २०१७ च्या हंगामांत तर कपाशीवर औषध फवारतांना विषबाधा होऊन जिल्ह्यांत सुमारें वीस शेतकरी व शेतमजूर दगावले, शेंकडों माणसें दवाखान्यांत पडलीं. त्या वर्षीं कपाशी डोक्याएवढी वाढली होती. फवारा वर धरावा लागे आणि तोच अंगावर येई.

समजा, त्या वेळीं आपलें मंडळ असतें, आणि त्यावर वकील, मास्तर, डॉक्टर व दुकानदार असे प्रतिष्ठित सात जण असते. डॉक्टरांनीं तोंडाला बांधावयाच्या पट्ट्या व हातमोजे वाटावयास सांगितले असते. दुकानदारांनीं ते मागविले असते. मास्तरांनीं सूचनांचें पत्रक शुद्ध मराठींत लिहिलें असतें. वकिलांनीं भरपाईचे अर्ज केले असते. सर्व कामें चांगलींच. पण पाठीवर पंप घेऊन ओळींतून चालणारा एक मनुष्य त्या बैठकींत असता, तर तो म्हणाला असता: ‘साहेब, पट्टी उकाड्यांत तोंडावर राहत नाहीं. मजुरी पंपांच्या मोजणीवर ठरली तर दम खायला कोण थांबतो? औषध कालवतों त्याच हातानें तंबाखू मळतों, कारण धुवायला बांधावर पाणीच नसतें. आणि डब्यावरचीं अक्षरें मुंगीच्या पायाएवढीं.’ बांधावर पाण्याचा एक पिंप आणि साबणाची वडी ठेवावी, ही सूचना त्याच्याच तोंडून आली असती. ती कोणत्याही पदवीच्या पुस्तकांत नाहीं.

तेव्हां माझें म्हणणें इतकेंच कीं, आपल्या यादींत धंद्याच्या रकान्यांत ‘शेतमजुरी’ हा शब्द एकदां तरी यावा. ‘सालदारी’ आली तर अधिक चांगलें. ‘त्याला सही येत नाहीं’ असें कोणी म्हणेल. कायद्यानें चालकांच्या शिक्षणाची अट घातलेली नाहीं. इतिवृत्त मोठ्यानें वाचून दाखवावें, म्हणजे झालें. उलट ज्यांस वाचतां येतें तेही मग नीट ऐकतील! मात्र एक गोष्ट सांभाळावी. मजुराला मंडळावर घ्यावयाचें आणि बैठक सोमवारीं अकरा वाजतां बोलवावयाची, असें करूं नये. त्याचा दिवस बुडतो, आणि दोन बैठका चुकल्यावर आपणच म्हणतों कीं त्याला आस्था नाहीं. बैठक रविवारच्या मिस्सेनंतर किंवा दिवेलागणीला असावी.

बायकांच्या बाबतींत हा रकाना आणखी अन्याय करतो. त्यांच्या नांवापुढें ‘घरकाम’ असें लिहून लेखणी पुढें जाते. पहांटे उठून स्वयंपाक करणारी, दिवसभर कापूस वेंचणारी, बचतगटाचे हप्ते तोंडपाठ ठेवणारी बाई, तिचे तीन धंदे झाले. लिहितांना एकही खरा लिहिला जात नाहीं. आणि ज्या घरांतला कर्ता गेला, तेथें सावकार कोण, बँकेचें कर्ज किती, सातबाऱ्यावर नांव कोणाचें, हें सारें जिनें भोगून शिकलें आहे अशी एखादी भगिनी मंडळावर असली, तर दुसऱ्या विधवेच्या दारीं काय बोलावें हें आपल्यास कोणी शिकवावें लागणार नाहीं.

माझ्या बोलण्याचा अर्थ वकील-डॉक्टर नकोत असा कोणीं करूं नये. हिशेब ज्याला येतो त्यानेंच हिशेब लिहावा. मग तो पदवीधर असो, वा अडत दुकानांत वीस वर्षें खतावणी लिहिलेला दिवाणजी असो. माझ्या मतें दिवाणजीच अधिक बरा. पवित्र सभेच्या सन १९८३ च्या धर्मसंहितेंतही तज्ज्ञतेचा आग्रह आहे. बिशपमहाराजांच्या अर्थसमितीवर निदान तीन सभासद असावेत, ते आर्थिक व्यवहारांत व दिवाणी कायद्यांत खरोखर निष्णात आणि सचोटीचे असावेत, असें ४९२ वें कलम सांगतें. आणि बिशपांचे चौथ्या अंशापर्यंतचे रक्ताचे वा सोयरिकीचे आप्त त्यांत नसावेत, असेंही सांगतें. प्रत्येक धर्मग्रामाला अर्थसमिति असावी हें ५३७ वें कलम. पण परगांवच्या डॉक्टरबाईंचें नांव केवळ शोभेसाठीं घालणें हें त्यांच्यावरच अन्याय करणारें आहे. नांव यादींत आलें कीं जबाबदारी आली, बैठकीस येवोत वा न येवोत. वर्षांतून दोनदां येथें येऊन आरोग्यतपासणी करणार असतील तर त्यांस आनंदानें घ्यावें. नाहींतर त्यांचा सल्ला घ्यावा, सही घेऊं नये.

एक अवघड गोष्ट राहिली. धान्याचा व्यापारी मंडळावर असला तर धान्याचा भाव व प्रत त्याला कळते, हा लाभ. पण मंडळाचें धान्य त्याच्याच दुकानांतून आलें तर? तो मनुष्य देवभीरू असेल, तोलून-मापून देत असेल. तरी गांव कुजबुजणारच, आणि त्या कुजबुजीनें वर्गणी आटते. धर्मसंहितेच्या १२९८ व्या कलमांत म्हटलें आहे कीं, किरकोळ वस्तु सोडून, धर्मसभेची मालमत्ता तिच्या कारभाऱ्यांस किंवा त्यांच्या जवळच्या आप्तांस अधिकाऱ्यांच्या खास लेखी परवानगीवांचून विकूं नये वा भाड्यानें देऊं नये. आपलें मंडळ सरकारी नोंदणीचें असलें तरी हा दंडक विक्रीप्रमाणें खरेदीलाही लावून आपल्या नियमांत घालून घ्यावा, अशी माझी सूचना आहे: ज्याच्या धंद्याशीं ठरावाचा संबंध असेल त्यानें माहिती सांगावी, आणि मत देण्याच्या वेळीं बाहेर ओसरीवर जाऊन बसावें. असें करण्यास धंदा कोणता हें आधीं कागदावर खरें लिहिलेलें पाहिजे. भाविकांनीं दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांस द्यावा असें १२८७ वें कलम आहेच. तो हिशेब देवळाच्या दारावर लावावा, आणि त्याच्या शेजारीं चालकांची यादी धंद्यांसह लावावी.

नांवें सुचविण्याचा कागद फादरसाहेबांच्या कचेरींत ठेवला आहे, आणि येत्या रविवारीं मिस्सेनंतर तो ओसरीवर फिरेल. त्यांत तिसरा रकाना मुद्दाम रुंद आंखला आहे. ज्यांचें नांव सुचवाल त्यांच्यापुढें, तीं रोज सकाळीं उठून पोटासाठीं काय करतात तें लिहा. ज्यांस लिहितां येत नाहीं त्यांनीं नुसतें सांगावें. शाळेंतलीं दोन मोठीं मुलें तेथें दऊतलेखणी घेऊन बसतील.