दोऱ्यावरची खडीसाखर आणि आपली प्लास्टिकची खुर्ची
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



‘तू प्लास्टिकमध्ये नेमकं काय करतोस, ते थोडक्यात सांग,’ असं संयोजकांनी बजावलंय. तेव्हा आपण बसलो आहोत त्या खुर्च्यांपासूनच सुरुवात करतो.

या खुर्च्या बहुधा पॉलिप्रोपिलीनच्या आहेत. म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. वितळलेल्या असताना त्या शेवयांसारख्या गुंतलेल्या असतात. थंड होताना काही भाग घड्या घालून ओळीत बसतो, त्याचे स्फटिक होतात. बाकीचा गुंताच राहतो. स्फटिकांमुळे ताठपणा येतो, गुंत्यामुळे चिवटपणा.

पण स्फटिकाची सुरुवात कुठून होते? खडीसाखर आठवा. पाकात दोरा सोडला की खडे दोऱ्यावर धरतात. आपल्याकडच्या साखर कारखान्यांतही पाकात बारीक साखरेचं बी सोडतात, मग दाणा एकसारखा येतो. टेकायला जागा मिळाली की सुरुवात सोपी होते.

पॉलिप्रोपिलीन सुमारे 165 अंश सेल्सिअसला वितळतं. पण थंड होताना साधारण 110 अंशांपर्यंत उतरल्यावरच नीट गोठतं. त्यात थोडी टाल्कची पूड मिसळली, तर ते दहाएक अंश आधीच गोठू लागतं. साचा लवकर रिकामा होतो, स्फटिकांचे पुंजकेही बारीक होतात. डबे पारदर्शक करायला ग्लुकोजपासून बनणाऱ्या सॉर्बिटॉलची संयुगं वापरतात. त्यांनी पुंजके इतके बारीक होतात, की प्रकाश फारसा विखुरत नाही.

मात्र प्रत्येक पूड हे काम करत नाही. टाल्कच्या सपाट थरांवर साखळ्या जशा जुळून बसतात, तशा साध्या चुनखडीवर बसत नाहीत. शिवाय पूड नीट मिसळली नाही तर गुठळ्या होतात आणि खुर्चीचा पाय तिथेच मोडतो.

आता शेताकडे येऊ. ठिबकच्या नळ्या पॉलिथिलीनच्या. त्याचे स्फटिक आपोआपच झपाट्याने होतात. तिथे काजळी वेगळ्या कामासाठी घालतात: ऊन अडवायला. प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास. ती कमी पडली किंवा नीट पसरली नाही, तर नळी उन्हाने लवकर तडकते. 2016 साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे तडकलेली नळी म्हणजे नुसतं प्लास्टिकचं नुकसान नव्हे. म्हणून नळी घेताना केवळ भाव पाहू नका, आयएसआय चिन्ह पाहा.

शाळेतल्या मुलांना एक प्रयोग सुचवतो. साखरेचा घट्ट पाक दोन पेल्यांत घ्या. एकात साखर चिकटवून वाळवलेला सुती दोरा सोडा, दुसऱ्यात गुळगुळीत नायलॉनचा. आठ दिवस पेले हलवू नका. रोज काय दिसतं ते वहीत लिहा. ज्यांना पुढे शिकावंसं वाटेल, त्यांच्यासाठी 1950 पासून पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. मुरुडहून काही फार लांब नाही!