ज्यांची नावे यादीत नाहीत

(मंडळाच्या मोहर्ली येथील वार्षिक संमेलनातील भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा चिटणिसांनी आम्हांस केली. सत्काराचे भाषण कसे असते ते आपण जाणताच. श्रीफळ एकीकडे, उपदेश दुसरीकडे, आणि मुलांचे सारे लक्ष मंडपामागून येणाऱ्या भाताच्या वासाकडे! म्हणून यादीतील मुलांना मनःपूर्वक आशीर्वाद देऊन आम्ही त्यांना मोकळे करतो. आम्हांस आज बोलावयाचे आहे ते यादीत नसलेल्या मुलांविषयी.

सन २०२१ ची स्मरणिका पुष्कळांनी जपून ठेवली असेल. त्या वर्षी करोनामुळे दहावीची लेखी परीक्षा रद्द झाली, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला आणि राज्यात ९९.९५ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण ठरले. आपल्या गुणवंतांची यादीही तेव्हा भलतीच लांबली. आम्ही सर्वांनी टाळ्या वाजवल्या. परंतु जी मुले दहावीपर्यंत पोहोचलीच नाहीत, त्यांची मोजदाद त्या पानांत कोठेच नव्हती. आणि ती मागावी हेही आम्हांस त्या दिवशी सुचले नाही.

मार्च २०२० मध्ये राज्यातील शाळा बंद झाल्या. तो महिना आपल्याकडे मोहफुलांचा. आई-वडील पहाटे टोपली घेऊन जंगलात जातात आणि लहान भावंडे मोठ्या बहिणीच्या कडेवर येतात. एरवी शाळेची घंटा त्या बहिणीला दिवसातून पाच-सहा तास तरी सोडवीत असे. ती घंटा थांबली. त्याच सुमारास ताडोबाचे पर्यटन थांबले. मोहर्लीच्या दरवाजावर ज्यांची चूल अवलंबून आहे, ते वाटाडे, जिप्सीचालक, विश्रामगृहांतील स्वयंपाकी आणि चहाची टपरी मांडणारे सारे एकदम रिकामे झाले. मिरची तोडावयास तेलंगणात गेलेली चंद्रपूर-गडचिरोलीकडची कुटुंबे तिकडेच अडकली. कित्येक पायी परतली. शेजारच्या बिजापूर जिल्ह्यातील एक बारा वर्षांची मुलगी अशाच पायपिटीत घराजवळ येऊन मरण पावली, हे एप्रिल २०२० मध्ये वर्तमानपत्रांतून साऱ्या देशाने वाचले. ते वय शाळेत असण्याचे होते, मिरचीच्या शेतात नव्हे.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘दीक्षा’ या उपयोजनावर पाठ ठेवण्यात आले. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठी मालिका सुरू झाली. व्हॉट्सॲपवर दर आठवड्याला स्वाध्याय येऊ लागले. आदिवासी विकास विभागाने आश्रमशाळांतून घरी परतलेल्या मुलांसाठी ‘अनलॉक लर्निंग’ नावाचा उपक्रम हाती घेतला. योजना ठीक होत्या. पण त्यांतील बहुतेकींच्या मुळाशी एक गृहीत होते, ते म्हणजे मुलाच्या हाती यंत्र आहे आणि यंत्राला संदेश पोहोचतो.

सप्टेंबर २०२० मध्ये ‘असर’ या पाहणीने देशाच्या ग्रामीण भागातील शाळकरी मुलांच्या घरांची चौकशी केली, तेव्हा शंभरांतील सुमारे ६२ घरांत स्मार्टफोन आढळला. २०१८ मध्ये हाच आकडा ३६ च्या आसपास होता. वाढ मोठीच म्हणावयाची. तथापि घरात फोन असणे निराळे आणि मुलीच्या हाती फोन येणे निराळे. फोन वडिलांचा, तो त्यांच्याबरोबर कामाला जाणार. संध्याकाळी परतला की पहिला हक्क थोरल्या मुलाचा, मग धाकट्याचा, आणि भांडी घासून झाल्यावर मुलीचा. तोवर त्यातील दिवसाचे दळण संपलेले असे. ‘दळण’ म्हणजे इंटरनेटचा साठा; आमच्या एका भगिनीने त्याला दिलेले हे नाव आम्हांस फार आवडले.

शिवाय आपल्या गावांची एक अडचण शहरातील अधिकाऱ्याला सहज उमगणारी नव्हे. इतर ठिकाणी संदेश मिळत नसला तर मुले टेकडीवर जातात, झाडावर चढतात, आणि त्यांची छायाचित्रे कौतुकाने छापून येतात. येथे कोणत्या आईने मुलाला एकट्याने टेकडीवर धाडावे? वाघ काही टाळेबंदी पाळीत नव्हता. उलट वाहनांची वर्दळ थांबल्यावर वाटा अधिकच सुन्या झाल्या.

अशा वेळी मुलांपर्यंत पोहोचले ते कोण, तर पायी किंवा दुचाकीवर आलेले शिक्षक. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांची उणीदुणी काढण्यात आपला समाज पटाईत आहे, आम्हीही त्यास अपवाद नाही. परंतु त्या वर्षी हाताने लिहिलेल्या स्वाध्यायांच्या प्रती घरोघर देणारे, ओट्यावर किंवा समाजमंदिराच्या सावलीत चार-पाच मुले अंतराने बसवून बेरीज-वजाबाकी घेणारे शिक्षक आम्ही पाहिले. पालघर जिल्ह्यातील मोखाड्याकडे ध्वनिक्षेपकावरून पाठ ऐकविण्याचा प्रयोग झाला, तोही याच जातीचा. जेथे माणूस गेला तेथे शाळा थोडीफार टिकली.

आणखी एक गोष्ट घरोघर गेली. ती म्हणजे शिधा. शाळेतील शिजवलेल्या आहाराचे प्रमाण दररोज पहिली ते पाचवीला १०० ग्रॅम तांदूळ व २० ग्रॅम डाळ, आणि सहावी ते आठवीला १५० व ३० ग्रॅम असे होते. शाळा बंद असता सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये या प्रश्नाची आपणहून दखल घेतली आणि महाराष्ट्रात तांदूळ व कडधान्य पालकांच्या हाती देण्यात येऊ लागले. उपकार मोठा, यात शंका नाही. पण शाळेतले ताट मुलाचे एकट्याचे असते. घरी आलेला तांदूळ सर्वांच्या हंडीत पडतो. ज्या घरी सात माणसे आणि कमावणारा कोणी नाही, तेथे शंभर ग्रॅमांचा हिशेब कोण ठेवणार? तो ठेवावा अशी अपेक्षाही निर्दयपणाची. शिधा नेण्यासाठी पालक शाळेत आला म्हणजे मात्र शिक्षकाला कळे की हे मूल गावात आहे, आणि जो आला नाही त्याच्या घराकडे पावले वळवावी. धान्याचे ते वाटप नकळत हजेरीपटाचे काम करीत होते.

आता आपल्या मंडळाविषयी. परक्याचे दोष सांगून झाल्यावर स्वतःच्या घरी शिरणे भाग आहे. मंडळाने तेव्हा वर्गणी काढून दहावीतील काही मुलांना फोन घेऊन दिले. हेतू उत्तम होता, आणि त्या समितीत आम्हीही होतो. अर्ज मागविले; ज्यांना अर्ज लिहिता आला त्यांनी ते केले. ज्या घरी लिहिणारे कोणी नव्हते तेथून अर्ज आला नाही, आणि आम्ही समजलो की गरज नाही. मुलींचे अर्ज थोडे होते. त्याचे कारण विचारावे असे एकाही सभासदाच्या मनात आले नाही. पुढे एका घरी मागणीचे पेढे घेऊन कोणी आले, तेव्हा कळले की मुलगी आठवीनंतर पुस्तकाला शिवलीच नव्हती. तिच्या आईने आम्हांस एवढेच विचारले, “दादा, तुम्ही तेव्हा आला असता तर?” आम्हांजवळ उत्तर नव्हते; आजही नाही.

नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून सुरू करण्याची मोकळीक मिळाली. परंतु ग्रामीण भागातील पहिली ते चौथीची मुले १ डिसेंबर २०२१ रोजी शाळेत आली. म्हणजे जे मूल टाळेबंदीच्या वेळी पहिलीत होते, ते अक्षरे विसरून थेट तिसरीत बसले. जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम झाला, तोही बव्हंशी घरी बसूनच. पुढे जुलै २०२२ मध्ये शाळाबाह्य मुलांच्या शोधासाठी राज्याने खास मोहीम काढली. काही मुले परतली. जी परतली नाहीत, ती कोठे गेली हे सरकारी कागदापेक्षा आपल्याला अधिक ठाऊक आहे. आपणच त्यांच्या लग्नाला जेवून आलो आहोत, आणि आपणच त्यांना कामावर ठेवले आहे.

सन २०२० मध्ये सातवी-आठवीत असलेली ही मुले आता सज्ञान झाली आहेत. त्यांना पुन्हा बाकावर बसविता येणार नाही. पण दहावीची परीक्षा बाहेरून देण्यासाठी १७ नंबरचा अर्ज आहे, आणि तो भरताना शाळा सोडल्याचा दाखला, छायाचित्र व शुल्क यांपलीकडे मुख्य अडचण असते ती लाजेची. त्यासाठी आम्ही कार्यकारिणीपुढे एक विनंती ठेवली व ती मान्य झाली आहे. यंदाच्या सत्कारनिधीतील निम्मी रक्कम या अर्जांच्या शुल्कासाठी व पुस्तकांसाठी राखून ठेवली आहे. गुणवंतांना यंदा घड्याळाऐवजी पेन मिळेल. त्यांनी रागावू नये.

आणि या खेपेस आम्ही अर्ज मागविणार नाही. मंडपाच्या दाराशी, पाण्याच्या रांजणाजवळ एक वही ठेवली आहे. आपल्या वस्तीतील ज्या मुलाची वा मुलीची शाळा त्या दोन वर्षांत सुटली, त्याचे नाव व घराची खूण तीत लिहावी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी वहीशेजारी बसलेल्या भगिनीस तोंडी सांगावे. येत्या रविवारपासून आमच्यातील दोघे-दोघे त्या घरी जातील. जंगलालगतच्या घरांकडे दिवसाउजेडीच जावयाचे असल्याने सकाळी आठला निघू. बरोबर येण्याची ज्यांची तयारी असेल त्यांनी आपले नाव त्याच वहीच्या शेवटच्या पानावर लिहावे.