जीपची कुरकुर

मला भाषण येत नाही, पाना-पकड येते. तेव्हा गाडीचंच बोलतो.

पांढरकवड्याच्या माझ्या गॅरेजात टिपेश्वरच्या जिप्सी येतात, कापडी हूडच्या जुन्या जीपा येतात. तक्रार एकच, कुरकुरते! पोरं आधी कमानपाटे बघतात. पुष्कळदा आवाज दाराच्या सुकलेल्या रबराचा असतो. आपल्याकडचं ४५ अंशांचं ऊन, वर काळ्या मातीची धूळ. रबर साबणाच्या पाण्यानं पुसा, सावलीत वाळवा, बोटानं सिलिकॉन ग्रीस पातळ लावा. दारात कागद धरून दार लावा. कागद सहज निघाला तर तिथून पाणी येणार. ओलं हूड गुंडाळू नका.

इंजिन ऑइल मात्र लावू नका. आवाज लगेच थांबतो, पण तेलानं रबर फुगतं, मऊ पडतं. मी हे सरांच्या जीपवर शिकलो. शिकाऊ होतो, जळकं ऑइल चोपडलं. पावसाळ्यात पाणी गळून तपासायचे पेपर भिजले. सर विचारायला आले, तर मी म्हणालो, "रबरच जुनं होतं." सरांनी पदरच्या पैशानं नवं घेतलं.

सर, जीप अजून असेल तर घेऊन या. रबर माझ्याकडून.