रिमोटची गाडी वळेना!

आंबागडच्या किल्ल्याखाली धुळीत पळवलेली रिमोटची गाडी वळायला रेंगाळू लागली, की मुले चाके वळवणारी नवी सर्व्हो मोटर मागतात. खर्च आईबापांचा! आधी बॅटरी पूर्ण चार्ज करा. व्होल्टेज उतरले की सर्व्हो मंदावतेच. मग पुढची चाके उचलून धरून स्टिअरिंग फिरवा. चाके हवेत झटकन आणि जमिनीवर सावकाश वळली, तर सर्व्होचा जोर कमी पडतो आहे. हवेतही सावकाशच? मग सर्व्होपासून चाकांकडे जाणारी दांडी सोडवा. आता सर्व्हो एकटी चपळ फिरली, तर ती निर्दोष. अडकले आहेत ते बहुधा धुळीने भरलेले सांधे. कोरड्या ब्रशने झाडा. तेल नको, त्यावर धूळ आणखी चिकटते. एकटीही रेंगाळली, तर मात्र नवी घ्यावी लागेल.