नकाशावरील वर्तुळ आणि मुलाची पायवाट
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



फळ्यावर खडूने जिल्ह्याचा नकाशा काढला नाही असा शिक्षक आपल्यात विरळाच. आज मला ज्या नकाशाविषयी बोलावयाचे आहे तो संगणकाच्या पडद्यावर उघडतो, बोटाने सरकविता येतो, हवा तेवढा जवळ आणता येतो. आणि त्यावर खडूऐवजी आज्ञावलीच्या चार ओळी लिहून आकृती काढावयाच्या असतात. हे काम अभियंत्यांचे, आपले नव्हे, अशी एक समजूत आहे. ती मला मान्य नाही. आलेखकागदावर बिंदू मांडावयास शिकविणाऱ्यास हे खचित जमेल.

यासाठी लीफलेट नावाचे एक साधन विनामूल्य मिळते. व्होलोदिमीर आगाफोनकिन या युक्रेनियन गृहस्थांनी ते २०११ साली प्रसिद्ध केले. त्याखाली पार्श्वभूमी म्हणून बहुधा ओपनस्ट्रीटमॅप या, २००४ पासून लोकांनीच रचीत आणलेल्या, नकाशाची चौकोनी चित्रे मांडतात. त्यांचे ऋण नकाशाच्या कोपऱ्यात नमूद करावे लागते. ते कोणी गाळू नये.

प्रत्येक आकृतीचा पाया म्हणजे बिंदू, आणि बिंदू म्हणजे अक्षांश व रेखांश यांची जोडी. लीफलेटमध्ये अक्षांश आधी लिहावयाचा. पुण्याचा बिंदू १८.५२, ७३.८५ असा आहे. हेच आकडे उलट लिहिले तर आपली शाळा नॉर्वेच्या उत्तरेकडील थंड समुद्रात जाऊन पडते! यात हसण्यासारखे असले तरी ही चूक बरी, कारण ती लगेच दिसते. न दिसणारी चूक दशांश स्थळांची. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर. दशांश चिन्हापुढे दोनच स्थळे ठेवली तर शाळा अर्धा किलोमीटर सरकू शकते, आणि नकाशा मात्र तसाच नीटनेटका दिसतो. यास्तव पाच स्थळे लिहावीत.

शाळेच्या आवाराची बहुभुजाकृती काढताना कुंपणाच्या कडेकडेने, क्रमाने बिंदू द्यावेत. क्रम चुकला की रेषा एकमेकींस छेदतात व आवाराचा डमरू होतो.

आता वर्तुळाकडे येतो. कारण आपल्या खात्यात याचेच काम अधिक. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनुसार पहिली ते पाचवीच्या बालकांसाठी १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत शाळा असावयास हवी. साहजिकच शाळेचा बिंदू मध्य धरून आपण वर्तुळ काढतो. लीफलेटमध्ये 'सर्कल' या आज्ञेची त्रिज्या मीटरमध्ये असते. तेथे १००० लिहिले की झाले. तिचीच बहीण शोभावी अशी 'सर्कलमार्कर' नावाची दुसरी आज्ञा आहे. तिची त्रिज्या पडद्यावरील ठिपक्यांत मोजली जाते. नकाशा जवळ आणा वा दूर न्या, ते वर्तुळ पडद्यावर तेवढेच राहते. म्हणजे जमिनीवरचे त्याचे माप दर वेळी बदलते. अंतर दाखवावयाचे असेल तेथे ही दुसरी आज्ञा वापरणे म्हणजे रबराच्या पट्टीने कापड मोजणे होय.

परंतु बिनचूक काढलेले वर्तुळही फसविते, हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. काही वर्षांपूर्वी ओढ्यापलीकडील एका वस्तीचे विवरणपत्र माझ्याकडे आले. मी वर्तुळ काढले, वस्ती आत आली, आणि 'शाळा अंतराच्या आत, वाहतूक सुविधेची आवश्यकता नाही' असा शेरा मारून मी सही केली. आषाढात त्या शाळेस भेट दिली तेव्हा हजेरीपटावर त्या वस्तीच्या पाचही मुलांच्या नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा होत्या. ओढ्याला पाणी होते. पुलावरून यावयाचे तर दोन किलोमीटरांहून अधिक चाल पडत होती. मुलांच्या आजीने मला एवढेच विचारले, "साहेब, तुमच्या कागदावर ओढा नव्हता का?" ओढा होता, निळी रेघ स्पष्ट दिसत होती. मी वर्तुळ पाहिले, ओढा पाहिला नाही. शेरा बदलून घेईपर्यंत पावसाळा सरला होता.

तेव्हापासून माझा परिपाठ असा आहे: वर्तुळ ही केवळ पहिली चाळणी. वर्तुळाच्या आत परंतु ओढा, रेल्वेमार्ग वा मोठा रस्ता यांच्या पलीकडे जी वस्ती असेल तिच्यासाठी 'पॉलिलाइन', म्हणजे तुटक तुटक बिंदू जोडून होणारी रेषा, काढावयाची. दारापासून निघून, पांदीने, पुलावरून, शाळेच्या फाटकापर्यंत वळणावळणाचे बिंदू द्यावयाचे. दोन बिंदूंमधील अंतर मीटरमध्ये सांगणारी आज्ञा लीफलेटमध्ये आहे. सर्व तुकड्यांची बेरीज केली की मुलाची खरी चाल हाती येते. बिंदू मात्र कचेरीत बसून देऊ नयेत. मोबाइल हाती घेऊन त्या मुलांबरोबर एकदा चालावे. पाचवीच्या मुलांना ही बेरीज करावयास द्यावी. त्यांना ती मोठ्या हौसेची वाटते, असा माझा अनुभव आहे.

एक सूचना. पायवाटेच्या नकाशावर मुलाचे नाव किंवा घराची खूण कोणीही घालू नये. वस्तीचा एकच बिंदू पुरे.

पुढील परिषदेस येताना प्रत्येक शाळेने आपले वर्तुळ व किमान एक पायवाट आणावी. पावसाळ्यात बंद पडणारी वाट असल्यास ती तांबड्या रंगाने दाखवावी आणि कोणत्या महिन्यात बंद पडते ते शेजारी लिहावे.